बापूच्या हातोडीचा दांडा

बापू, तुझ्या हातोडीचा दांडा माझ्याजवळच राहिला.

तो तुझ्याबरोबर जायला हवा होता. आपल्या घरची रीत तुला मी काय सांगायची, पण कोणा परक्याच्या हाती हे लिहिणं पडलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. आपल्या घरात हातोडीचं लोखंड पिढ्यान्‌पिढ्या तेच. खापरपणजोबा दरबाराच्या मागोमाग दक्षिणेतून इथे धार गावी आले, तेव्हा कमरेला बांधून आणलेलं. दांडा मात्र ज्याचा त्याचा. प्रत्येकानं आपल्या मुठीच्या मापानं तो करायचा, आणि माणूस गेला की काढून त्याच्या चितेवर ठेवायचा. आपल्या वडिलांचा, आबांचा दांडा तूच ठेवलास. तुझा ठेवायला कोणी नव्हतं. साथीच्या झोपड्यांतून तुला न्यायला आले ते नेमलेले लोक, तोंडाला फडकी बांधलेले आणि घाईत. मी दांडा पुढे केला, तर त्यातला एक लांबूनच ओरडला, "बाई, कुछ मत दो, भीतर रहो." मी आत राहिले. दांडा माझ्या हातात राहिला.

मला तुझा फार राग आला आहे. नेणाऱ्यांचा नाही, साथीचाही नाही. त्यांच्यावर रागावून काय होणार? तुझ्यावर रागवायची मला सवय आहे. आई गेल्यापासून तुला मीच वाढवलं, आणि वाढवणाऱ्याला तेवढा हक्क असतो. घरात पहिला उंदीर पडला तेव्हाच मी म्हटलं होतं, गाव सोडू या. तू म्हणालास, "आक्का, बदनावरच्या गाडीचं एवढं होऊ दे." ते झालं तर बागलीच्या सुताराच्या कुऱ्हाडी निघाल्या. "एवढं होऊ दे." शेजारपाजार रिकामा झाला, समोरच्या घराला कुलूप लागलं, आणि तू आपला ऐरणीपुढे. तुझं एवढं कधी झालंच नाही, बापू. तुझ्या तोंडचे हे तीन शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत. जेवायला बोलावलं की एवढं होऊ दे, लग्नाची गोष्ट काढली की एवढं होऊ दे. बायको वारल्यावर तू दुसरं लग्न केलं नाहीस तेही असंच पुढे ढकलून.

दहाव्याला देवासहून तात्या आले. आबांचे धाकटे भाऊ, आता घरातले तेवढेच एक मोठे. घाटावर सगळं त्यांनीच केलं. कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. तात्यांनी हात जोडून तुला सांगितलं म्हणे, की आक्काला मी देवासला नेतो, तिला काही कमी पडू देणार नाही. तरी शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. घरी येऊन तात्या म्हणाले, "साथीच्या गावात कावळे तरी कुठले उरलेत, पोरी." असेलही. मी मात्र मनात म्हटलं, तुला तो शब्द पसंत पडला नाही. तू असताना आपलं एकमत कधी झालं नाही. या एका गोष्टीत झालं असावं असं मला वाटून घेऊ दे.

मग तात्यांनी दांड्याचं विचारलं. मी तो कोनाड्यातून काढून दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. "हा राहिला म्हणजे पोरगा इथेच घुटमळणार." जरा वेळानं म्हणाले, "दसरा होऊ दे. मी गाडी घेऊन येतो. देवासला जाताना क्षिप्रेच्या काठावर याला अग्नी देऊ. हत्यारंही घेऊन जाऊ, माझ्याकडे कामाला येतील. आणि तू इथे एकटी राहून काय करणार? ऐरणीला एक आणि भात्याला एक, दोन माणसं लागतात. भाता तर जळूनच गेला."

तात्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. काकू चांगली आहे, दोन घास सुखाचे मिळतील. मी तिथे डाळ निवडीन, गहू पाखडीन, आणि आपली हत्यारं पलीकडच्या पडवीत दुसऱ्यांच्या हातात वाजताना ऐकत बसेन. मला ते नको आहे. हे मी कोणाला सांगू शकले नाही, म्हणून तुला सांगते. मला माझे हात कामावर हवे आहेत.

आणि खरं सांगू? तू घुटमळत असशील तर घुटमळ, असंही मला काही दिवस वाटत होतं. सकाळी कोनाड्यात दांडा दिसला की बरं वाटायचं. मग लगेच भीती वाटायची, की माझ्या या बरं वाटण्यापायी तुझी वाट अडून बसली आहे. चूल पेटवताना, पाणी भरताना हेच डोक्यात.

देवास म्हटलं की मला तुझी ती गाडी आठवते. माझा नवरा गेल्यावर तू मला तिथल्या सासरहून माहेरी न्यायला आलास, रिकामी बैलगाडी घेऊन. परतताना तिच्यात माझी एक पेटी आणि बाकी सगळं भंगार. मी मागे बसून रडत होते, आणि तू पुढून मान वळवून सांगत होतास की धाकट्या पातीच्या गाडीखान्यातून बग्गीचा टाकून दिलेला टप मिळाला, चामडं अजून शाबूत आहे. थोरल्या पातीकडून पायदान मिळालं, आणि एक आख्खं मोडकं चाक. "एका गावात दोन राजे, आक्का. रस्त्याच्या या अंगाला एकाचं राज्य, त्या अंगाला दुसऱ्याचं. दोन गाडीखाने म्हणजे भंगारही दुप्पट. तुला गाव मात्र झकास मिळालं होतं." मला हसू फुटलं. कपाळ पांढरं, डोळे सुजलेले, आणि मी खोखो हसते आहे. गाडीवानानं दचकून मागे पाहिलं. त्या हसण्याची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत होती. आता वाटत नाही. त्या दिवशी तू मला हसवलं नसतंस तर मी धारेपर्यंत कशी आले असते कोण जाणे.

त्या चाकाचा एक आरा काढून तू हा दांडा केलास. बागलीकडच्या जंगलातला धावडा, काळसर आणि जड. बाजारातली मूठ तुला कधी चाललीच नाही. आपल्या पडवीत विकत आणलेलं हत्यार शोधूनही सापडायचं नाही. झिजलेल्या कानशीची पटाशी व्हायची. मोडक्या छत्रीच्या काड्यांची तू बारीक गिरमिटं केलीस. भात्याची नळी म्हणजे शिलेखान्यातून मोडीत निघालेल्या बंदुकीची नळी. तोफेचा गोळा बाभळीच्या ओंडक्यात अर्धा बसवून त्यावर तू झारे नि पळ्या ठोकायचास. रस्त्यात नाल पडलेली दिसली की राजाची स्वारी जात असली तरी तू खाली वाकणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण घरी आल्यावर त्या नालेचं काय करायचं याची पहिली कल्पना माझीच असायची, हे तूही नाकारणार नाहीस.

आणि त्या तलवारी. मोडक्या, मुठी निखळलेल्या, भाऱ्याने आल्या होत्या. आबा तेव्हा होते. म्हणाले, "पुजलेलं पातं आहे, बापू. त्याला दात पाडू नकोस." तू म्हणालास, "लढाया कुठे राहिल्यात, आबा? गंजून जाण्यापेक्षा लाकूड कापेल." पातं तू तापवून मऊ केलंस. दात पाडायला बसले मी. तुझा हात जड, दात लहानमोठे व्हायचे. मी तिधारी कानस घेऊन एकेक दात पाडला, एक डावीकडे झुकवला, एक उजवीकडे. ती करवत लोण्यात शिरावी तशी सागात शिरायची. आपल्या घरातून गेलेल्या सगळ्या करवतींचे दात माझे आहेत, बापू. तुला आणि मला सोडून हे कोणाला माहीत नव्हतं. आता मला एकटीलाच माहीत आहे.

बदनावरचा तो सुतार आला होता, आठवतो? ओसरीवर बसून करवतीवरून अंगठा फिरवत, दात कोणी पाडले ते विचारत होता. "भिया, या करवत तो घणी हलकी चाले. दाँत कणी ने काढ्या?" मी पदर पुढे ओढून भात्याची दोरी ओढत होते. तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस. "अपणी दुकान को माल हे, भिया," म्हणालास. तो गेल्यावर मी तुला धरलं. तू म्हणालास, "बाईनं दात पाडलेत म्हटलं तर घेईल का तो?" तुझं बरोबर असेल. धंदा तू ओळखायचास. पण त्या दिवशी तुझ्या बाफल्यांवर मी तूप घातलं नाही, आणि तू ते कोरडे बाफले एक शब्द न बोलता खाल्लेस. तूप का नाही, असं तू विचारशील म्हणून मी वाट पाहत होते. विचारलं असतंस तर भांडण होऊन मिटलं असतं.

भात्याचं भांडण मात्र मिटलंच नाही. ते तू तसंच टाकून गेलास.

माझे दोन्ही हात त्या दोरीला बांधलेले. म्हणून एकदा भिंतीवरचं ते बग्गीचं पायदान दाखवून मी म्हटलं, याचा पायानं चालणारा भाता कर. माझे हात मोकळे होतील, मीही घाव घालीन. तू असा भडकलास की विचारू नये. "अग्नीला पायानं वारा? खंडेनवमीला ज्याला फुलं वाहायची, त्याला एरवी लाथा मारायच्या?"

"तलवारीला दात पाडताना हे सुचलं नाही का?"

"ते हातानं पाडले."

"माझ्या हातानं."

तू सांडशी शोधू लागलास. मग मी म्हटलं, सकाळी उठून भुईला नमस्कार करतोस आणि तिच्यावरच पाय देतोस ना? तू म्हणालास, "भुईचं निराळं." काय निराळं, ते सांग. "एवढं होऊ दे, मग सांगतो."

ते उत्तर मला अजून हवं आहे. मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं तुला पापाची भीती नव्हती. बहिणीच्या हातात हातोडी पाहून लोक काय म्हणतील, याची होती. किंवा असंही असेल की मी तुझ्यापेक्षा... जाऊ दे. तू समोर असतास तर तोंडावर म्हणाले असते. आता म्हटलं तर पाठीमागे बोलल्यासारखं होईल.

शेवटी गाव सोडलं तेव्हा तुझ्या अंगात कणकण होतीच. तळ्यापलीकडच्या झोपडीत तू भांडी, अंथरुणं काही नीट नेलं नाहीस, पण हातोडी उशाशी. ताप चढला तसा तू मनानं आपल्या पडवीत जाऊन बसलास. मला लगेच कळलं, कारण तुझा उजवा हात मांडीवर घाव घातल्यासारखा पडत होता. "आक्का, वारा दे," म्हणालास. मी खाटेच्या कडेला बसून नसलेली दोरी ओढू लागले. तू डोळे मिटून ऐकल्यासारखं केलंस. "जोरात." मी जोरात ओढली. "पुरे, लोखंड जळेल." मी थांबले. दुपारभर असं चाललं होतं. शेजारच्या झोपडीतली बाई दारातून पाहून गेली, तिला वाटलं असेल, हिलाही वात झाला. मला वाटत होतं, आता तरी तू एक शब्द म्हणशील. आक्का, तुझा हात चांगला आहे, एवढं. मी वाट पाहिली, बापू. तू काही बोलला नाहीस, आणि मग तुझा हात मांडीवर पडायचा थांबला.

परत घरी आले तेव्हा पडवीवरची कौलं उतरवून ऊन आत सोडलेलं होतं. सगळीकडे औषधाच्या पाण्याचा वास. अंथरुणं, टोपल्या आणि आपला कातड्याचा भाता दारापुढे जाळून टाकलेला. लोखंड मात्र होतं तसं होतं. बंदुकीची नळी राखेत पडली होती, ती मी उचलून पुसली. तेव्हा मनात काही ठरवलं नव्हतं. राखेत पडलेलं लोखंड उचलायचं, ही तुझीच सवय मला लागलेली.

ठरलं ते तात्या गेल्यावर. त्यांचं वाक्य कानातून जाईना. दोन माणसं लागतात. मग मी तुझ्या भंगारात शिरले.

धाकट्या पातीच्या बग्गीचा टप काढला. चामडं वाळून कडक झालं होतं. तेल चोळून चोळून माझे हात काळे झाले तेव्हा कुठे ते वाकायला लागलं. जुन्या दाराच्या दोन फळ्या, एका कडेला बिजागरीनं जोडलेल्या. वरच्या फळीला भोक, आतून चामड्याचा पडदा, तुझ्या भात्याला होता तसाच. पुढे बंदुकीची नळी. वर थोरल्या पातीचं पायदान, आणि ते परत वर उचलायला बदनावरच्या गाडीची तुटकी कमान, पोलादी पट्ट्यांची. हो, तीच, जिच्यापायी आपण अडकून पडलो. तिला हात लावायची माझी इच्छा नव्हती, पण दुसरी नव्हती. आधी ती इतकी ताठ की माझा गुडघाच वर उडायचा. तिची एक पट्टी काढली, तेव्हा पायाला मानली. जे दोन दरबार एका रस्त्यावर एकमेकांचा दिवा लावू देत नाहीत, ते आपल्या पडवीत एका भात्यात नांदायला लागले. हे तुला सांगायला मी खरोखरच मागे वळले. तू नव्हतास. त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

खंडेनवमीला हत्यारं मांडली. कुंकू लावायला मला हक्क नाही, झेंडूची फुलं तेवढी ठेवली. नव्या भात्यावरही एक ठेवलं. तुझ्या दांड्यावर ठेवावं की नाही ते कळेना, म्हणून त्याच्या शेजारी ठेवलं.

आज सकाळी तात्यांची गाडी आली. बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा मी भट्टीत कोळसे मांडून बसले होते. तुझ्या चाकाचा दुसरा एक आरा काढून मी दांडा केला आहे. तुझ्याहून बारीक, माझ्या मुठीच्या मापाचा. हातोडीचं लोखंड त्याच्यावर बसवलं होतं. पाय धुतला. भात्याला हात लावून कपाळाला लावला. मग तुझा दांडा कोळशांवर ठेवला आणि पायदानावर पाय दिला.

पहिला वारा नळीतून सूं करत गेला. कोळसे फुलले.

तात्या दारात उभे राहिले. "चल पोरी, गाडी उभी आहे." मी मान वर केली नाही. म्हटलं, "तात्या, एवढं होऊ दे."

त्यांनी माझा पाय पाहिला. ते काहीतरी बोलणार होते, तुझ्यासारखंच, अग्नीला पायानं वारा, तेच शब्द. मग त्यांची नजर भट्टीत गेली. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. मी वारा देत राहिले. तू म्हणाला होतास तसा, आधी हळू, मग जोरात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळे होते, तरी मी पुसलं नाही. डाव्या हातानं झिजलेली कानस सांडशीत धरून त्याच आगीत घातली. ती लाल झाल्यावर ऐरणीवर घेतली आणि घाव घातला. पहिला वाकडा पडला. दुसरा बरा पडला.

 मग तात्या बाहेर जाऊन गाडीवानाला म्हणाले, "भिया, बेल खोली दे." त्यानं बैल सोडले. आता ते ओसरीवर बसले आहेत आणि मी हे लिहिते आहे. उद्या काय म्हणतील ते उद्या पाहू.

जा, बापू. तुझा दांडा जळायला फार वेळ लागला. धावडा चांगला निवडला होतास.